चाचणीची नोंद

"आयात नका करू, जोडा," ताराचंद साहेब म्हणाले. "आयात केलं का एकाचे दोन तक्ते होतात. मंग खरा कोणता, याचा झगडा."

"जोडतेच आहे, सर," राखी म्हणाली.

निळ्या तारेच्या एका टोकाला साहेबांचा जुना संगणक होता, दुसऱ्या टोकाला राखीचा लॅपटॉप. नोंदी ठेवायला जुन्यात डीबेस, नव्यात अ‍ॅक्सेस. दिघोरीच्या धान संस्थेचे सभासद, कोणाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, कोणतं धान लागलं, सगळं डीबेसच्या तक्त्यांत होतं. ते साहेबांनी स्वतः बांधले होते. त्या तक्त्यांना परका हात लागलेला साहेबांना खपत नसे. याआधी आलेल्या दोघांना त्यांनी पहिल्याच दिवशी घालवलं होतं.

आज राखीची परीक्षा होती. जमलं तर उद्यापासून यायचं, नाहीतर तार गुंडाळून परत. तिला हे काम हवंच होतं. पगाराचं तिने विचारलंही नव्हतं.

"शिक्षण कुठं झालं, मॅडम?"

"नागपूरला."

"तिकडचे लोक नुसता माउस फिरवतेत."

राखी हसली. अ‍ॅक्सेसने अनुक्रमणिकेची फाइल मागितली. नवखा माणूस इथेच अडतो. तिने न थांबता नेमकी फाइल निवडली. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"हे कोनं शिकवलं तुमाले?"

"घरीच शिकले, लहानपणी."

"शिकवणारा पक्का दिसते."

"हो, सर. चूक झाली की टपली मारायचे."

"बराबर आहे. त्याशिवाय येत नाही."

शकुबाई चहा घेऊन आल्या. "साहेब, चहा," म्हणत त्यांनी दोन कप ठेवले. साहेबांनी राखीच्या कपाकडे पाहिलं.

"मॅडमच्या चहात दूध काहून नाही टाकलं?"

"त्या नाही घेत," शकुबाई म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या.

तक्ता उघडला. नावं एकाखाली एक आली. साहेब चष्मा सावरत लॅपटॉपवर वाकले.

"दोन-चार नावं दिसून नाही राहिली."

"खोडलेली असतील, सर."

"खोडलं म्हणून जात नाही, मॅडम. डीबेसमध्ये नुसती खूण लागते. नोंद आतच राहते."

"माहीत आहे, सर."

साहेब आपल्या खुर्चीत जाऊन बसले. आता त्यांचा आवाज परीक्षकाचा झाला.

"शेवटची चाचणी. तिकडून एक नवीन नाव टाका. माझ्या पडद्यावर दिसलं तं तुमी पास. नाही दिसलं तं घरी जा."

"कोणतं नाव टाकू, सर?"

"टाका, राखी ताराचंद."

तिची बोटं कळफलकावर थांबली. मग तिने नाव टाकलं.

जुन्या पडद्यावर नवी ओळ उमटली. साहेबांनी टाळी वाजवली.

"पास! उद्यापासून या." मग ते पुढे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझ्या पोरीचं नाव आहे हे. तिलेही सगळं येते, मीच शिकवलं. नागपूरले राहते, कामात असते, येऊन नाही राहिली. तोवर तुमी सांभाळा, मॅडम. पोरगी आली का मंग तुमची सुट्टी."