तिसरा साचा

“मावशी, नंबर चुकला तुमचा. कम्प्युटर घेऊनच नाही राहिला.”

अश्वजितनं जनाबाईला हे सलग चौथ्या दिवशी सांगितलं. पवनीजवळच्या एका तलाव संस्थेत तो कम्प्युटर सांभाळायचा; शेताला पाणी मिळायची पाळी आता त्यावरच लागायची. अर्जात बांध्यांचे, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांचे, तीन नंबर भरायचे: आपली बांधी, वरची बांधी, खालची बांधी. पाणी वरून खाली उतरतं, म्हणून. जनाबाईचं धान गर्भात होतं, लोंबी बाहेर पडायच्या बेतात, आणि बांधीला भेगा पडल्या होत्या. रांगेतले लोक म्हणाले, म्हातारीला शेजारच्या बांधीचा नंबर ठाऊक नाही, कमालच झाली.

नंबर बरोबर की चूक हे ओळखायचा साचा अश्वजितनंच लिहिला होता. एका जागी लिहून तोच आणखी दोन जागी चिकटवला होता. पुढे जनाबाईच्या खालच्या बांधीची दोघा भावांत वाटणी झाली, ४१अ आणि ४१ब. साच्यात अक्षर बसेना. भाऊ ओरडले, त्यानं ‘आपली बांधी’चा पहिला साचा सुधारला. त्यांच्या खाली अध्यक्ष यादोरावांची बांधी. तेही ओरडले, ‘वरची बांधी’चा दुसरा सुधारला. ‘खालची बांधी’चा तिसरा तसाच राहिला; त्यासाठी कोणी ओरडलं नाही. जनाबाई हळू बोलायची.

रविवारी अश्वजितचा मावसभाऊ संघपाल भंडाऱ्याहून आला. तो सॉफ्टवेअरवाला. त्यानं स्क्रीन पाहिली नि कपाळाला हात लावला.

“एकच गोष्ट तीनदा काहून लिहिली बे? एकदा लिही, तिले नाव दे, अन् तिन्ही जागी नावानं बोलव.”

अश्वजितला पटलं. त्यानं साचा एकदाच लिहिला, अक्षरासकट. फक्त एका आकड्यापुढे आणखी आकडे चालतील हे सांगणारं अधिकचं चिन्ह सुटलं. सोमवारी सकाळपासून कोणाचाच नंबर जाईना. अकरा वाजता अख्खा गाव दारात, यादोराव सर्वांत पुढे. सुटलेलं चिन्ह घालायला अश्वजितला दोन मिनिटं लागली.

“कम्प्युटर चुकला होता,” यादोरावांनी पायरीवरून जाहीर केलं. “होत असते.” लोकांनी माना डोलावल्या.

मग एकेक अर्ज गेला. जनाबाईचाही गेला, पहिल्याच झटक्यात. तेव्हा कुठं अश्वजितच्या डोक्यात तिसऱ्या साच्याचा उजेड पडला. त्याला लाज वाटली.

“झालं मावशी,” तो मान वर न करता म्हणाला. “उद्या पाळी तुमची.”

जनाबाईनं पावती पदराच्या गाठीला बांधली.

“मी एकटी होती तवा चूक माही होती. आज यादोरावचा नंबर अडला, तं कम्प्युटरची झाली काय?”