अमावस्येचा भात

पिंजरा काठावर ओढला तेव्हा त्यात अकरा कासवं निघाली. अकराच्या अकरा लाल कानपट्टीची.

"नीट मोज, तुळशीराम," अन्नपूर्णाबाई काठीवर हात ठेवून म्हणाल्या. "आमच्या सूनबाईची लेकरं हायेत. बारशाले एखादं राहून जाईन."

बायका हसल्या. त्यांची सून दीपमाला गुडघाभर पाण्यात पिंजऱ्याची दोरी धरून उभी होती. तिनं मान वर केली नाही.

तळं बचतगटाच्या बायकांचं. गट बांधला दीपमालानं, दारोदार फिरून. तीन वर्षं बायकांनी तळ्यात मासळीचं बी सोडलं आणि तिन्ही वर्षं जाळं रिकामं आलं. मग वनरक्षक दीपक येऊन सांगून गेला. ही कासवं इकडची नाहीत. लोक हौसेनं दुकानातून आणतात, काचेच्या पेटीत ठेवतात, मोठी झाली की नेऊन पाण्यात सोडतात. ती मासळीची पिल्लं खातात, शेवाळ खातात, ऊन खायचे दगडसुद्धा बळकावतात. तळ्याची आपली काळी कासवं कुठं गेली, हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

सोडली कोणी, याचं उत्तर मासेमारी करणाऱ्या तुळशीरामकडे तयार होतं. दर अमावस्येला पलीकडच्या काठावर, बाभळीआड, दीपमाला या कासवांना भात घालते. त्यानं डोळ्यानं पाहिलं होतं. शिवाय लेक पायल लहान होती तेव्हा दीपमालानं मलकापूरहून असलंच रुपयाएवढं कासव तिच्यासाठी आणलं होतं. जिवंत जीव डबड्यात ठेवायचा नाही, म्हणून अन्नपूर्णाबाईंनी ते त्याच दिवशी घराबाहेर काढलं. "दुकानात परत दिलं," दीपमाला म्हणाली होती. कोणाला पटलं नाही. सासूला तर मुळीच नाही.

म्हणून आज सकाळीच ठराव झाला. दीपमालाला गटातून काढायचं. पहिला अंगठा अन्नपूर्णाबाईंचा. सून असली म्हणून काय तळं पिऊन टाकेल? अंगठ्याची शाई अजून ओली वाटत होती.

"आजी, तुमच्या घरी अजून आहे का असं एखादं?" दीपकनं वहीतून डोकं काढून विचारलं.

"हायेत ना. दोन हायेत. पण माह्या विहिरीत, मालकाच्या विहिरीत. बांधल्यावानी राहतेत."

त्याची गोष्ट वेगळी होती. मालक, उकंडराव, गेले, त्याच साली विहिरीतलं जुनं कासवही मेलं. विहिरीत कासव असलं की पाणी निवळ राहतं, हे अन्नपूर्णाबाईंना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं. "देशी कासव धरणं गुन्हा आहे, माय," म्हणत मुलानं, देवानंदनं, दुकानातून तळहाताएवढी जोडी आणून दिली. नवरा गेल्यावर बोटांतून उतरवलेली जोडवी अन्नपूर्णाबाईंनी मोडली. सोनाराकडून दोन पीळदार बारीक कड्या करून घेतल्या आणि कासवांच्या पाठीच्या कडेला ओवून त्यांना विहिरीत सोडलं. कोणाचा जीव आहे, ते दिसायला पाहिजे.

पुढं गुडघे गेले, शेतातल्या विहिरीवर जाणं राहिलं. पण दर अमावस्येला दहीभाताची वाटी निघत राहिली, दीपमालाच्या हातून. वाटी रिकामी घेऊन ती परत येई.

"खाल्लं?"

"खाल्लं, आत्याबाई."

नऊ वर्षांमागं पुराचं पाणी नाला सोडून विहिरीवरून तळ्याकडं गेलं, तेव्हाही अन्नपूर्णाबाईंनी पिकाचं काही विचारलं नव्हतं. "हायेत ना वं?" एवढंच. "हायेत," दीपमाला म्हणाली होती.

दुसरा पिंजरा जड लागला. दोघांनी ओढला. आत एकच होतं, ताटाएवढं, म्हातारं, पाठीवर शेवाळाची गोधडी. दीपकनं ते उचललं. कडेचं शेवाळ बोटानं खरवडलं आणि तो थांबला.

"यात काहीतरी रुतलंय. चांदी दिसते."

अन्नपूर्णाबाई काठी टेकत पुढं आल्या. वाकल्या. शाईच्या अंगठ्यानं त्यांनी ते पुसलं. कडी काळी पडली होती, पाठ वाढली तशी अर्धी आत गेली होती. पण पीळ तोच होता.

कासव पाय झाडत राहिलं.

"आता पाहा," तुळशीराम म्हणाला. "कडी घालून पाळलेलं हाय. मी म्हणतच होतो."

दीपकनं वही उघडली. "कोणाचं लिहू?"

सगळ्यांनी दीपमालाकडे पाहिलं. ती दोरी गुंडाळत होती.

"तिच्याकडे काय पाहून राह्यले बे?" अन्नपूर्णाबाईंचा आवाज फाटला. "माहं हाय. लिही. अन्नपूर्णाबाई उकंडराव. मोठ्या अक्षरात लिही."

दीपकनं लिहिलं. मग कासव पोत्यात घातलं आणि तोंड बांधलं. "याला परत पाण्यात सोडता येणार नाही, आजी," तो हळूच म्हणाला.

त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. त्या चपलेसकट पाण्यात उतरल्या, सुनेजवळ गेल्या.

"पूर आला तवाच गेले होते ना वं? मंग मी दर खेपेले विचारत होती तं तू खाल्लं काऊन म्हणत होती?"

दीपमालानं दोरीची शेवटची गाठ मारली.

"तुमच्यासमोर खोटं बोलता येत नव्हतं, आत्याबाई. म्हणून तं भात तळ्यावर नेत होती."