शेवटच्या दोन पायऱ्या

“दुसरा काही आजार?” पांढऱ्या पीपीई किटमधल्या डॉ. कल्याणींनी विचारलं.

“नाही,” बुद्धभूषण म्हणाला. बावीस वर्षांच्या आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं बोलून तो मोकळा झाला.

त्याला जन्मापासून हिमोफिलिया होता. रक्त वाहायला लागलं की थांबायचं नाव घ्यायचं नाही, आणि पुष्कळदा ते आतल्या आत, सांध्यांतच वाहायचं. आईकडून मुलाकडे येणारा आजार. त्याच्या आईचा, हिराबाईंचा, धाकटा भाऊ साधी दाढ काढल्याचं निमित्त होऊन गेला होता. त्यामुळे हडपसरच्या त्यांच्या घरात खाटेचे कोपरेसुद्धा गोधडीच्या तुकड्यांनी बांधलेले होते. सायकल नाही, सहल नाही, विळीच्या आसपास फिरकायचं नाही. लॉकडाऊन लागला तेव्हा अख्खं पुणं कोंडून घातल्यासारखं कुरकुरत होतं. बुद्धभूषणला मात्र नेमकं काय बदललं हेच कळेना. तो जायचा एकाच ठिकाणी, इस्पितळात रक्त गोठवणारं इंजेक्शन घ्यायला. कोरोनानंही त्याला तिथंच गाठलं.

आणि आता तो लोणी काळभोरला, एका कॉलेजच्या वसतिगृहात, विलगीकरणात होता.

ताप उतरला, पण एक गुंगी मागे राहिली. छान होती ती. खिडकीबाहेर ऊस होता आणि पलीकडच्या सोलापूर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुपारी ऊस वाऱ्यावर हलायचा आणि पडल्या पडल्या वाटायचं, ही खोलीच हळूहळू कुठंतरी निघालीय. आज वार कोणता, हे कुणालाच धड सांगता यायचं नाही. शेजारच्या खाटेवर मंडईतले फळवाले जावेदभाई होते. ते झोपेत गिऱ्हाइकांशी भांडायचे आणि जागे झाले की म्हणायचे, “भूषण, जरा खाली जाऊन गरम पाणी आण ना रे.” बस्स, एवढंच. त्याला आजवर कुणी काम म्हणून सांगितलं नव्हतं. तो बादलीएवढा जग घेऊन तीन मजले उतरायचा, चढायचा, आणि हे आपणच करतोय यावर त्याचा विश्वास बसायचा नाही. बाकीचे घरच्या आठवणीनं कासावीस व्हायचे. एक दांडगा पैलवान तर उशीत तोंड खुपसून रडायचा. बुद्धभूषणला आपण आनंदात आहोत याचीच भीती वाटायची.

पहिल्या दिवशी आईचे फोन तासातासाला आले. “पडलाबिडलास नाही ना? डॉक्टरांना सगळं सांगितलंस ना?” सांगितलं, सांगितलं, म्हणून त्यानं वेळ मारून नेली. मग फोन कमी होत गेले. पुढं पुढं तर दिवसाकाठी एकच, तोही संध्याकाळी, दोन वाक्यांचा. रुसली असणार, त्याला वाटलं. आपल्या आवाजातला आनंद तिनं ओळखला असणार. जिनं आपल्यासाठी जिवाचं रान केलं, तिच्यावाचून आपलं मजेत चाललंय, या विचारानं त्याला फार अपराधी वाटे.

एकदा पाणी आणायला जाताना त्यानं जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारून गाठल्या. कारण काही नव्हतं. हवेत होता तेवढा क्षण त्याला वजनच नव्हतं.

जेवणं येईपर्यंत गुडघा टम्म फुगला.

“आजार नाही म्हणाला होतात,” डॉ. कल्याणी म्हणाल्या. “मग गुडघ्यात काय, कलिंगड ठेवलंय?”

त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. बॅगेत कपड्यांखाली आईनं ठेवलेली इंजेक्शनं त्यानं काढून दिली. पण डॉक्टरांच्या हातात दुहेरी हातमोजे आणि चष्म्यावर वाफ. शीर सापडेना. एकदा टोचलं, दुसऱ्यांदा टोचलं. गुडघा दगडासारखा होत चालला. आणखी उशीर झाला असता तर पाय कायमचा आखडला असता. इस्पितळात अशा वेळी आई डोळे गच्च मिटून त्याचा दुसरा हात धरून बसायची. इथं तो दुसरा हात मोकळाच होता.

“द्या इकडं,” तो म्हणाला.

आपली कोणती शीर लगेच सापडते, हे त्याला लहानपणापासून पाहून पाठ होतं. सुई बरोबर शिरली. डॉक्टरांनी टोचल्या जागी कापूस दाबला. मग म्हणाल्या, “खोटारडे आहात. पण हात चांगला आहे.”

सूज ओसरली. तपासणी निगेटिव्ह आली. घरी सोडायच्या दिवशी डॉ. कल्याणींनी त्याला बोलावून घेतलं. रुग्णांच्या घरच्यांचे फोन घ्यायला माणूस नव्हता. महिनाभर राहाल का, जेवणखाण इथंच, त्यांनी विचारलं. “रुग्णांच्या आया तर काही केल्या ऐकत नाहीत हो.”

“आयांचं मला ठाऊक आहे,” बुद्धभूषण म्हणाला. ‘हो’ अगदी ओठांवर होतं. पण ते आधी घरी सांगायला हवं होतं, आणि तिथंच तो अडला. आपण राहिलो तर आई खचेल. गेलो तर पुन्हा त्या बांधलेल्या खाटेवर, आणि मग कधीच बाहेर पडणं होणार नाही, हे त्याला पक्कं कळत होतं.

भर दुपारी त्यानं फोन लावला. पुष्कळ वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

“आई, रागावू नकोस,” तो एका दमात बोलून गेला. “मी बरा झालोय. पण मला इथंच राहायचंय, महिनाभर. काम मिळालंय. इंजेक्शन माझं मी घेतो आता.”

पलीकडून पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

“आई, रडतेस?”

“नाही रे,” हिराबाई म्हणाल्या. आवाज जड होता, नुकतंच कुणी उठवल्यासारखा. “राहा तू. तू तिकडं गेल्यापासून मला झोप लागतेय, भूषण. कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.”