भुंग्याचा नवा पट्टा

दुकानदाराने छातीशी कडी असलेला पट्टा भुंग्याच्या अंगावर चढवला. "काका, रस्त्यावर एक फेरी मारून बघा. यात कुत्र्याला ओढताच येत नाही."

"याच्यापुढे सगळे पट्टे हरलेत," तिचा नवरा म्हणाला. "परवा पाडलंन मला गाढवाने."

ती पायरीवर थांबली. रोज हे दोघं फिरायला निघत तेव्हा ती पोळ्या लाटत असे. त्यांना असं पाठमोरं ती आज पहिल्यांदाच बघत होती. भुंग्या आपला रमतगमत, रस्ता हुंगत चालला होता. तरी दोरी ताणलेलीच. मग तिची नजर नवऱ्याच्या उजव्या पायावर गेली. पाऊल उचललंच जात नव्हतं, चप्पल नुसती फरफटत होती.

तो धापा टाकत परतला. "बघितलंस ना, कसा ओढतो?"

"बघितलं." तिने दोरी आपल्या हातात घेतली, दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरला. "पट्टा राहू दे. आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊ."

तो हसला. "अगं, ते माणसांचे डॉक्टर आहेत."

"माहितीये मला," ती म्हणाली, आणि तिने दंड सोडला नाही.