घडीच्या फोनचा कौल

भिकाजी गुरवाने दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि देवाच्या पाषाणावर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर सिद्धेशने घेतलेला नवा फोन घरात राहणार होता. डावी पडली तर तो उद्या सकाळी कुरियरवाल्याच्या हाती परत जाणार होता.

देवाला काय काय विचारावं, याला सिद्धेशच्या वडिलांकडे, म्हणजे विश्रामकडे, काही मर्यादा नव्हती. विहीर कुठे खणायची, काजू कुणाला विकायचे, खारेपाटणचं स्थळ बघायचं की नाही, सगळं त्याने इथेच विचारलं होतं आणि मिळालेल्या उत्तरापुढे कधी ब्र काढला नव्हता. डावी पाकळी पडली म्हणून खणून झालेली विहीर त्याने बुजवली होती. पाणी लागलं होतं तिला.

त्याचा राग तसा फोनवर नव्हता, फोनच्या बिजागरीवर होता. मधोमध घडी पडणारा फोन सिद्धेशने कौतुकाने दाखवला, तेव्हा विश्रामने तो कानाशी धरून दोन-चारदा उघडला-मिटला आणि म्हणाला, या खाऱ्या वाऱ्यात न गंजलेली एक तरी बिजागरी मला गावात दाखव. सिद्धेशला दाखवता येईना. मग विश्राम आतून खोबरेलाची बाटली घेऊन आला. सिद्धेशने फोन हिसकावून घेतला आणि तिथेच दोघांचं बिनसलं. ऐन आंब्याच्या दिवसांत बापलेक एकमेकांशी आनंदीमार्फत बोलू लागले. आनंदी एकाची बायको आणि दुसऱ्याची आई. निरोप पोचवून पोचवून ती कंटाळली आणि तिने दोघांनाही देवळात पिटाळलं.

आता गाऱ्हाणं सुरू करायचं, तर आधी मथुराला व्हिडिओ कॉल लावणं आलं. मथुरा ही विश्रामची थोरली बहीण. कांदिवलीला तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेली, पण तिने पाहिल्याशिवाय या घराचा कौल लागत नसे. आजवर दर कौलाला सिद्धेश फोन एका हाताने उंच धरून उभा राहायचा. हात भरून यायचा, आणि उरलेला हात छातीवर ठेवून तो नमस्कार उरकायचा. विश्रामला ते दर वेळी खुपायचं. पण आक्काला देव दाखवायचा तर दुसरा इलाज नव्हता.

आज सिद्धेशने तिला नव्या फोनवरून कॉल लावला, फोन अर्धा मिटला आणि गाभाऱ्याच्या पायरीवर ठेवला. भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा तो आपला आपण बसून राहिला. सिद्धेश मागे सरला आणि त्याने दोन्ही हात जोडले.

“विश्राम,” फोनमधून मथुरा म्हणाली, “आज देव हलणा नाय रे.”

तिचा आवाज कापत होता. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपलीच नजर अधू झाली. माहेरचा देव आज धड बघायला मिळाला म्हणून ती चक्क रडायला लागली. विश्रामने फोनकडे पाहिलं आणि मग पोराच्या हातांकडे. देवापुढे ते दोन्ही हात एकत्र त्याने दहावीच्या निकालानंतर पाहिले नव्हते.

भिकाजीने गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान मधी मोडणारो फोन घेतल्यान...”

विश्रामने त्याला मध्येच थांबवलं. देवासमोर मोडणारो म्हणू नये, घडीचो म्हण. सिद्धेशने बापाकडे चमकून पाहिलं. भिकाजीने शब्द सुधारून पुन्हा सुरुवात केली. ठेवायचा तर उजवी दे, परत धाडायचा तर डावी दे. दोघांनी इथून आणि तिसरीने कांदिवलीहून ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं.

पाकळ्या पडेनात. सिद्धेश डोळे मिटून उभा होता. विश्रामचे डोळे मात्र उजव्या पाकळीवरून हटत नव्हते. जन्मात पहिल्यांदा तो देवाला विचारत नव्हता, सांगत होता. भिकाजीने गाऱ्हाणं पुन्हा घातलं, या खेपेला जरा घाईत, कारण घरी त्याचं जेवण निवत होतं.

पाकळी पडली. डावी.

सिद्धेश पुढे झाला आणि फोन उचलायला वाकला.

“रव,” विश्रामने त्याला अडवलं. “भिकाजी, ती वाऱ्यान पडली. परत लाव.”

भिकाजी वळून त्याच्याकडे बघतच राहिला. पाण्याची विहीर बुजवणारा हाच तो माणूस. गाभाऱ्याला दार एकच, आणि त्या दारात हे बापलेक खांद्याला खांदा लावून उभे.

“खंयचो वारो?” त्याने विचारलं.

उत्तर पायरीवरच्या फोनमधून आलं. “इलो वारो. माका हयसून दिसलो.”

भिकाजीने समईकडे पाहिलं. ज्योत सरळ उभी होती. त्याने पडलेली डावी पाकळी उचलली, तांब्यात चांगली बुडवली आणि जागच्या जागी अंगठ्याने दाबून बसवली.