कोरी सोंगटी

राजसचा हात पिशवीत गेला आणि तिथेच रेंगाळला. शरदचंद्र चष्म्यावरून बघत राहिले. सोंगटी उचलायला एवढा वेळ कशाला लागतो?

वांगणीला श्यामकांतच्या फार्महाऊसच्या अंगणात, जांभळाखाली सतरंजी अंथरली होती. मधे तो घडीचा पट. शरदचंद्रांच्या पत्नीने, उमाताईंनी, प्रवासासाठी म्हणून घेतलेला शब्दांचा खेळ. मिटला की पर्समध्ये मावायचा. सोंगट्यांवर नुसती अक्षरं, काना-मात्रा ज्याने त्याने मनाने लावायच्या. अंबरनाथहून निघताना डब्यांच्या आधी तो पिशवीत गेला होता.

राजसने चार सोंगट्या लावल्या. "पाणथळ."

"वा!" श्यामकांत म्हणाला. राजस त्याचा भाचा. बदलापूरला राहणारा, चांगल्या नोकरीतला. शरदचंद्रांच्या सुरुचीसाठी हे स्थळ श्यामकांतनेच आणलं होतं. फॅक्टरीत दोघांनी एकत्र नोकरी केलेली, त्यामुळे मित्राच्या शब्दावर शरदचंद्रांनी अर्धा होकार दिलाच होता. सुरुचीला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "तुम्ही ठरवाल तसं, बाबा." आज मुलाला नीट पाहायचं आणि चहानंतर साखरपुड्याची तारीख काढायची, असं ठरलं होतं.

"ण, थ, ळ, सगळी अवघड अक्षरं एकदम तुमच्याच हातात?" शरदचंद्रांनी हसत विचारलं.

"नशीब, काका."

मागचा डावही त्याच नशिबाने जिंकला होता. शरदचंद्रांची सगळी नोकरी माल तपासण्यात गेली होती. वरून चकचकीत दिसणाऱ्या मालाचा त्यांना आधी संशय यायचा.

"माझं एक मत आहे," ते सोंगट्या लावता लावता म्हणाले. "खेळात जो लबाडी करतो, तो संसारातही करतो. असल्या माणसाच्या घरी मी मुलगी देणार नाही, मग तो कुणाचा का भाचा असेना."

"अहो, खेळा ना गुपचूप," उमाताई म्हणाल्या.

राजस नुसता हसला. सुरुची आपल्या सोंगट्यांकडे बघत होती. तिची खेळायची पाळी आली तेव्हा तिने दोन अक्षरांचा शब्द लावला आणि उठली. "चहा टाकते."

जाता जाता खुर्चीवरचं राजसचं जॅकेट उन्हात आलेलं तिला दिसलं. तिने ते उचलून सावलीतल्या खुंटीवर टांगलं. राजस मान वळवून तिच्याकडे बघत राहिला, ती आत जाईपर्यंत.

"तुमची पाळी," शरदचंद्र म्हणाले.

"हो, काका. सॉरी."

त्यानंतर मात्र मुलगा बदलला. बोलणं थांबलं. मोठमोठे शब्द लावणारा हा गडी 'घर' आणि 'मन' असले पोरकट शब्द लावू लागला. एकदा तर समोर जागा मोकळी असताना त्याने पाळी सोडली. सुरुची चहा घेऊन आली, त्याला कप देताना थोडा चहा बशीत सांडला. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चोराच्या मनात चांदणं, शरदचंद्रांना वाटलं. आपण बोललो ते वर्मी लागलंय, आता हा साळसूदपणा चाललाय.

डाव संपला. पिशवी रिकामी झाली, पण शरदचंद्र पट मिटू देईनात.

"एक कोरी सोंगटी आली नाही."

कोरी सोंगटी म्हणजे हुकमाचा पत्ता. कुठलंही अक्षर समजून लावता येते. संचात दोनच, आणि पटावर एकच दिसत होती.

"सतरंजीखाली असेल," श्यामकांत म्हणाला. सतरंजी झटकली. उमाताईंनी पर्स उपडी केली. सुरुची कप गोळा करत होती.

"आपापले खिसे बघूया," शरदचंद्र म्हणाले आणि आधी स्वतःचे उलटे केले. श्यामकांतने हसत आपले केले. राजसने पँटचे खिसे दाखवले.

"आणि जॅकेट?"

राजस क्षणभर थांबला. मग शांतपणे खुंटीपाशी गेला, जॅकेटच्या खिशात हात घातला आणि सोंगटी काढून पटावर ठेवली. शोधावी लागली नाही त्याला. कुठे आहे ते ठाऊक असल्यासारखा हात गेला.



"राजस, अरे काय हे?" श्यामकांतने विचारलं. "चुकून पडली असेल ना? सांग की तसं."

राजसने मामाकडे पाहिलं, मग शरदचंद्रांकडे. "चुकून नाही पडली, मामा. काका, माफ करा. तारखेचं राहू द्या आता."

त्याने उमाताईंना वाकून नमस्कार केला, जॅकेट हातावर टाकलं आणि फाटकाबाहेर रिक्षाला हात केला. श्यामकांत तिथेच खाली मान घालून उभा राहिला, मग मित्राकडे न बघता घरात निघून गेला.

"एका सोंगटीसाठी एवढं?" उमाताई पुटपुटल्या.

"आज सोंगटी, उद्या आणखी काही. बरं झालं, वेळेवर कळलं." शरदचंद्रांनी पट मिटला. मित्र दुखावला होता, त्याचं वाईट वाटत होतं, पण मुलगी वाचली होती. ते वळले तर सुरुची पायरीवर बसून घाईघाईने चपला घालत होती. तिचे डोळे लाल झाले होते.

"कुठे निघालीस?"

"स्टेशनवर. गाडी यायच्या आत त्यांना गाठायचंय."

"त्या लबाडाला?"

"मला हे लग्न नको होतं, बाबा. तुमच्यापुढे बोलायची हिंमत नव्हती, म्हणून ती सोंगटी मी टाकली त्यांच्या खिशात." तिने फाटक उघडलं. "आणि टाकताना त्यांनी मला बघितलं होतं."