चौदा वर्षांची चिठ्ठी

पेज गाळायला फडकं शोधताना भूपालला मिठाच्या बरणीमागे ती चिठ्ठी सापडली. चार वर्षांपूर्वीची. गालाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रक्त तपासून दवाखान्याने उरलेलं आयुष्य लिहून दिलं होतं: चौदा वर्षं.

चिठ्ठी घरच्यांच्या हातात द्यायची आणि पेशंटने ती मागायची नाही, अशी रीतच पडली होती. बायको, पद्मा, तेव्हा हसत म्हणाली होती, "चौदा वर्षं आहेत. व्यायाम तेवढा सोडू नका."

त्याने नुसती मान डोलावली होती, विश्वास ठेवला नव्हता. कारण त्याआधी वर्षभरच, आईची चार महिन्यांची चिठ्ठी मुठीत चुरगाळून तोही आईला असंच हसत म्हणाला होता, "भरपूर वर्षं आहेत, आई."

व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची, नाहीतर जबडा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मरणाऱ्याने कशाला तो त्रास सोसायचा, म्हणून त्याने काड्यांची जुडी कधी उघडलीच नाही. हळदीच्या सौद्यात अख्खं मार्केट यार्ड दणाणून सोडणाऱ्या त्या तोंडात आता चमचाही जेमतेम जायचा.

पद्मा आत आली. त्याच्या हातातली चिठ्ठी बघून थबकली.

"दाखवली का नाहीस?" तो दातांतल्या दातांत पुटपुटला.

"तुम्ही मागितलीत कुठे? मला वाटलं, दुखतं म्हणून व्यायाम टाळताय."

चार वर्षं तशीच पडलेली काड्यांची जुडी त्याने उघडली. दोन काड्या दातांत गेल्या, तिसरी जाईना.

चौदातली अजून दहा वर्षं उरली होती. पद्माने त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि पेज गाळायला बसली.